दूरचा गुरू आणि जवळचा शब्द

शिक्षक समोर उभा असला म्हणजे त्याच्या भाषेतील उणिवा सहज झाकल्या जातात. विद्यार्थ्याच्या कपाळावरची आठी पाहून तो थांबतो, फळ्याकडे वळतो, दुसरे उदाहरण देतो. परंतु शिक्षक दूर असेल आणि विद्यार्थी दिवसभराची नोकरी आटोपून रात्री एकटाच धडा उघडीत असेल, तर शिक्षकाचे काम त्या धड्यातील वाक्यालाच करावे लागते. वाक्य दुर्बोध झाले की शिक्षण तेथेच खुंटते. हैदराबाद शहराच्या इतिहासात या प्रश्नाची दोनदा कसोटी लागली आहे.

पहिली कसोटी उस्मानिया विद्यापीठाची. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी १९१७ साली या विद्यापीठाच्या स्थापनेचे फर्मान काढले आणि उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू ठरविले. पदार्थविज्ञान, रसायन, वैद्यक हे विषय शिकवावयाचे, तर पुस्तके हवीत. आणि पुस्तके लिहावयाची, तर आधी शब्द हवेत. म्हणून त्याच वर्षी दारुल तर्जुमा, म्हणजे भाषांतर विभाग, स्थापन झाला. मौलवी अब्दुल हक हे त्याचे पहिले प्रमुख. शास्त्राचे जाणकार आणि भाषेचे पंडित एकत्र बसून एकेका संज्ञेचा काथ्याकूट करीत. शब्द अरबी धातूंवरून घडवावेत, की उर्दूच्या अंगभूत रीतीने, यावर मोठा वाद झाला. वहीदुद्दीन सलीम यांनी १९२१ साली परिभाषा घडविण्याच्या शास्त्रावर स्वतंत्र ग्रंथ लिहून दुसऱ्या पक्षाचा कैवार घेतला. शेकडो पुस्तके उर्दूत आली. भारतीय भाषेतून आधुनिक शास्त्रे शिकविता येतात, हे या विभागाने दाखवून दिले.

मात्र त्या यशात एक खोट होती. संस्थानातील बहुसंख्य प्रजेची मायबोली तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. बीड किंवा परभणीहून आलेल्या मराठी मुलापुढची इंग्रजीची भिंत उतरली. तिच्या जागी दुसरी उभी राहिली. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर विद्यापीठाचे माध्यम बदलले आणि कष्टाने घडविलेले ते शब्दभांडार वर्गांतून मागे पडले. शब्द अचूक असणे पुरेसे नाही. तो वाचणाऱ्याच्या ओळखीचा असावा लागतो, हा त्या प्रयोगाचा धडा होय.

दुसरी कसोटी १९८२ साली लागली. त्या वर्षी हैदराबादेत आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. देशातील हे पहिले मुक्त विद्यापीठ. राज्यशास्त्राचे प्राध्यापक जी. राम रेड्डी हे त्याचे पहिले कुलगुरू. पुढे १९८५ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरूपदही त्यांच्याकडे आले. कारकून, कामगार, गृहिणी, शाळा अर्धवट सुटलेले प्रौढ असा येथील विद्यार्थिवर्ग. औपचारिक प्रमाणपत्र नसलेल्यांनाही पात्रता परीक्षा देऊन प्रवेश मिळू लागला. छापील धडे विद्यार्थ्याच्या हाती पडत, आकाशवाणीवरून पाठ ऐकू येत, आणि अडले तर अध्ययन केंद्रात विचारण्याची सोय असे. अशा धड्याची घडणच निराळी असते. आरंभी उद्देश, मध्ये लहान लहान भाग, प्रत्येक भागानंतर स्वतःला विचारावयाचे प्रश्न, शेवटी त्यांची उत्तरे आणि कठीण शब्दांचे अर्थ. जणू शिक्षकच कागदावर उतरलेला. १९९१ साली या विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्यात आले.

तांत्रिक विषय सोप्या भाषेत मांडणे ही स्वतंत्र विद्या आहे, हे पाश्चात्त्य देशांना दुसऱ्या महायुद्धाने पटवून दिले. यंत्राची माहितीपुस्तिका सैनिकाला उमगली नाही, तर यंत्र निकामी पडून राही. अमेरिकेतील रेन्सेलर तंत्रसंस्थेने १९५३ साली या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण सुरू केले.

हैदराबादेला या विद्येची निकड १९९८ नंतर विशेष भासू लागली. त्या वर्षी सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले, संगणक व्यवसाय फोफावला आणि त्याबरोबर तंत्रलेखकाचा पेशाही वाढला. नोकरी न सोडता पुढे शिकण्याच्या वाटाही रुंदावल्या. पिलानीच्या बिर्ला संस्थेने १९७९ पासूनच नोकरदारांसाठी पदवीची योजना चालविली आहे. २०१८ च्या नियमांनी विद्यापीठ अनुदान आयोगाने संपूर्ण पदवी ऑनलाइन देण्यास वाट मोकळी केली.

असा तंत्रलेखक रात्री संगणकापुढे विद्यार्थी म्हणून बसतो, तेव्हा एक अपूर्व योग जुळून येतो. दिवसा तो न पाहिलेल्या वाचकासाठी लिहितो. रात्री तो स्वतःच कोणा न पाहिलेल्या शिक्षकाचा वाचक होतो. न समजलेल्या वाक्यापाशी थांबून राहण्याचे दुःख त्याने भोगलेले असते. ते दुसऱ्या दिवशी लिहिताना त्याच्या ध्यानात राहिले, तर त्या शिक्षणाचे सार्थक झाले.

टपाल, आकाशवाणी, संगणक ही केवळ वाहने होत. वाहन वेगवान झाले म्हणून आतील धान्य निवडण्याचे काम टळत नाही. दारुल तर्जुमाच्या पंडितांपुढे आणि मुक्त विद्यापीठाच्या धडेलेखकांपुढे जो प्रश्न होता, तोच आजही आहे: पलीकडे एकट्या बसलेल्या माणसाला हे समजेल काय?