धरून ठेवणं आणि सोडून देणं : स्कीच्या बाइंडिंगचा इतिहास

पलूसला बसून स्कीवर बोलायचं हे जरा विचित्रच आहे. आपल्या द्राक्षवाल्यांना बर्फ ठाऊक आहे तो गारांच्या रूपात, आणि त्याची आठवणही कुणाला नको असते. तरी हा विषय घेतला, कारण या भागातली मुलं आता म्युनिक, झुरिक, डेन्व्हर अशा गावांत नोकरीला आहेत, हिवाळ्यात डोंगरावर जातात, आणि संध्याकाळचा फोन येईपर्यंत इकडे घरात कुणी धड जेवत नाही. प्रश्न त्यांचाच आहे : आम्ही रिसॉर्टवर पाळण्यानं वर जातो आणि जोरात खाली येतो, कधीमधी पायी चढूनही जायचं आहे, तर टूरिंगचं बाइंडिंग घ्यावं का? प्रश्न दुकानातला वाटतो. पण त्याचं उत्तर नीट समजायला शे-दीडशे वर्षं मागं जावं लागतं.

बाइंडिंग म्हणजे बूट आणि स्की यांना जोडणारा सांधा. त्याच्याकडून आपण दोन उलट गोष्टी मागतो. पाय घट्ट धरावा, म्हणजे वळताना गुडघ्याचा जोर थेट स्कीच्या कडेपर्यंत पोचेल. आणि पडताना पाय सोडावा, नाहीतर दीड-पावणेदोन मीटरची फळी तरफेसारखी पाय पिरगाळते. घोडेस्वाराला हे सांगायला नको. रिकिबीत पाय नसेल तर बैठक नाही, आणि पडताना पाय रिकिबीतून निघाला नाही तर फरफट ठरलेली. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्यांना इथं बंध आणि मोक्ष आठवणारच, पण तो मोह आपण आवरू.

नॉर्वेत टेलिमार्क भागात मोर्गेदाल नावाचं गाव आहे. तिथला सोंद्रे नूरहाइम (१८२५–१८९७) हा गरीब कुळवाडी. तोपर्यंत स्कीला चवड्यापाशी एक पट्टा असे, तेवढ्यावर चालता येई. उडी मारली की फळी एकीकडे आणि माणूस दुसरीकडे. नूरहाइमनं लवचिक फांद्या पिळून त्यांचा वेढा टाचेमागून घेतला. वेली तारेला बांधणाऱ्या आपल्या बागाइतदाराला हे लगेच कळेल : बांधणी पकडणारी हवी, पण काचणारी नको. १८६८ साली तो ख्रिस्तियानियाला, म्हणजे आजच्या ऑस्लोला, स्पर्धेसाठी आला आणि त्याची वळणं पाहून शहरी लोक चकित झाले. पुढं १८८४ मध्ये पोटासाठी अमेरिकेला गेला आणि तिकडंच वारला.

आल्प्सचे उतार टेलिमार्कपेक्षा फार तीव्र. तिथं फांद्या पुरेनात. ऑस्ट्रियातल्या लिलिएनफेल्डच्या मातियास झ्दार्स्कीनं १८९०च्या दशकात पोलादी पट्टीचं बाइंडिंग काढलं. त्यात पाय बाजूला हलत नसे, टाच मात्र उचलता येई. इथून पुढं सगळी ओढ जास्तीत जास्त घट्ट धरण्याकडं राहिली.

आता या कथेत आपला देश येतो, तोही आडवाटेनं. २७ जुलै १८८० ला अफगाणिस्तानात मैवंदला इंग्रजी फौजेचा जबर पराभव झाला. त्या फौजेत मुंबई लष्कराच्या पलटणी होत्या, बॉम्बे ग्रेनेडियर्स त्यांतलीच एक. उरलेले लोक कंदाहारमध्ये कोंडले गेले. त्यांना सोडवायला जनरल रॉबर्ट्स काबूलहून सुमारे पाचशे किलोमीटर तीन आठवड्यांत तुडवत आला आणि पुढं ‘लॉर्ड रॉबर्ट्स ऑफ कंदाहार’ झाला. हा गृहस्थ जन्मला कानपूरला. म्हातारपणी त्यानं १९११ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या उताराच्या एका शर्यतीला चषक दिला. ती शर्यत भरवणारा आर्नल्ड लन जन्मला मद्रासला. मैवंदला पडलेल्या शिपायांची नावं फारशी कुणाला ठाऊक नाहीत, आणि कंदाहार हे नाव मात्र आल्प्सच्या शर्यतींना आणि स्की-क्लबाला चिकटलं. त्याच शर्यतींवरून स्विस अभियंता गिदो र्योज यानं १९२०च्या दशकाअखेर आपल्या बाइंडिंगला ‘कंदाहार’ नाव दिलं.

हे बाइंडिंग आपल्या प्रश्नासाठी महत्त्वाचं आहे. त्यात टाचेमागून एक पोलादी तार जाई, तिला स्प्रिंग असे. स्कीच्या दोन्ही बाजूंना हुक. तार हुकांत अडकवली की टाच खाली दाबली जाई आणि माणूस उतरायला तयार. हुकांतून काढली की टाच मोकळी आणि चढता येई. म्हणजे चढ आणि उतार दोन्ही साधणारं बाइंडिंग शंभर वर्षांपूर्वीच झालं होतं. पण पडल्यावर ते सोडत नसे. हाडं मोडू लागली आणि असल्या बाइंडिंगांना ‘अस्वलाचा सापळा’ म्हणू लागले.

सोडण्याचा विचार मोडलेल्या पायातूनच आला. यालमार व्हाम हा ऑरेगनमधला नॉर्वेजियन स्कीपटू. १९३७ मध्ये त्याचा पाय मोडला आणि इस्पितळात पडल्यापडल्या त्यानं ठरावीक जोर आल्यावर सुटणारा पुढचा भाग कल्पिला. दोनेक वर्षांत तो बाजारात आला. लोक हसले, वेगानं जाणाऱ्याला सुटणारं बाइंडिंग भित्रेपणाचं वाटे. ही समजूत अजून मेलेली नाही. महायुद्धानंतर फ्रान्समध्ये लुक आणि सालोमन, जर्मनीत मार्कर यांनी हे काम पुढं नेलं. किती जोरावर सुटायचं याचा आकडा ठरला, त्याला आज डीआयएन म्हणतात. तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवरून काढतात. परिणाम ठळक होता : नडगीची हाडं मोडणं खूप घटलं. गुडघ्याच्या आतल्या स्नायुबंधाच्या दुखापती मात्र तशा घटल्या नाहीत, हेही सांगायला हवं. ज्या पिळानं तो तुटतो, तो बाइंडिंगला वेळेवर कळतोच असं नाही.

टूरिंगची वाट निराळी झाली. १९८०च्या दशकात ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्टेलनं जड सामानाला वैतागून पिनचं बाइंडिंग बनवलं. बुटाच्या चवड्याला दोन्ही बाजूंनी धातूचे खळगे, त्यांत दोन पिना बसतात. टाचेत मागून दोन पिना शिरतात. बैलाच्या मानेला जू अडकवून ठेवणारी शिवळ आठवा, साधारण तसंच. हलक्या नमुन्याचं वजन एका पायाला दोन-तीनशे ग्रॅम. उताराचं साधं बाइंडिंग किलोच्या आसपास. तासन्‌तास चढणाऱ्याला हा फरक प्रत्येक पावलाला जाणवतो. पण किंमत कशात मोजली ते पाहा. उताराच्या बाइंडिंगमध्ये पाय बाजूला सुटतो तो चवड्याशी, आणि सुटण्याआधी थोडा सरकून परत जागेवर येतो. बर्फातला छोटा हिसका तिथंच जिरतो. जुन्या धाटणीच्या पिन-बाइंडिंगमध्ये बाजूला सुटणं टाचेकडून होतं आणि ही सरक फार कमी असते. मऊ ताज्या बर्फावर चालून जातं. रिसॉर्टवरच्या टणक, खाचाखळग्यांच्या उतारावर वेगात मात्र एकतर नको तेव्हा सुटतं, नाहीतर हवं तेव्हा सुटत नाही. आणि मग मुलं काय करतात? चढताना लावायची पुढची कडी उतरतानाही लावून ठेवतात. म्हणजे व्हामच्या आधीच्या काळात परत जातात.

आकड्यानंही फसू नये. उताराच्या आणि टूरिंगच्या बाइंडिंगची मानकं वेगळी, आणि कित्येक हलक्या पिन-बाइंडिंगांना कुठलंच प्रमाणपत्र नसतं. दोन्हींवर दहा लिहिलेलं असलं, तरी ते दहा एक नव्हेत.

मधला मार्ग शोधणं चालूच होतं. २००७च्या सुमारास मार्करचं ‘ड्यूक’ आलं : अख्खं उताराचं बाइंडिंग एका चौकटीवर, चढताना चौकटच उचलायची. भक्कम, पण एकाच पायाला सव्वा किलोच्या वर. २०१८ मध्ये सालोमननं ‘शिफ्ट’ आणलं. चढताना पिना, उतरताना त्याच पुढच्या भागाचं उताराचं बाइंडिंग होतं, वजन नऊशे ग्रॅमच्या आसपास. कंदाहारच्या हुकांचीच ही कल्पना, फक्त आता सोडणंही जमलेलं.

मग घ्यावं काय? इथं आपल्या शेजारचं उदाहरण उपयोगी पडेल. औंध संस्थानच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली ती लोखंडी नांगरावर. लोखंडानं जमीन नासते ही शेतकऱ्यांची भीती मोडायलाच बराच काळ गेला. ती मोडल्यावरही शहाणा शेतकरी नांगर घेताना आधी आपली जमीन पाही : काळी भारी आहे की मुरमाड, आणि दावणीला बैल किती. स्कीतही तसंच करावं. हंगामातले वीस दिवस पाळण्यानं वर जात असाल आणि दोन दिवस पायी, तर त्या वीस दिवसांचं बाइंडिंग घ्यावं. आमच्या मते जोरकस स्की करणाऱ्यानं हलक्या पिनांच्या वाटेला जाऊच नये. पैसे असतील तर दोन वेगळ्या जोड्या, एकच ठेवायची तर ‘शिफ्ट’सारखं दुहेरी. थोडं जड पडेल, पडू द्यावं.

आपल्या देशात हा प्रश्न गुलमर्गला पडतो. तिथला पाळणा अफरवटच्या खांद्यावर सुमारे ३९५० मीटरपर्यंत नेतो, आणि तिथून थोडं चालून कड्यापलीकडं उतरता येतं. तिथं दुहेरी बाइंडिंग अगदी योग्य. पण कड्यापलीकडं हिमस्खलनाची भीती असते, तेव्हा स्थानिक वाटाड्या, शोधयंत्र आणि फावडं यांच्याशिवाय पाऊल टाकू नये. भाड्यानं स्की घेणार असाल तर बुटाचा तळ बाइंडिंगला चालतो का हे आधी विचारावं. पिनांसाठी बुटाला खळगे लागतात, ते सगळ्या बुटांना नसतात. वजन विचारलं तर खरं सांगावं. आणि आकडा दुकानदारालाच लावू द्यावा; मित्राचा दहा आहे म्हणून आपलाही दहा करून मागू नये.