बेपत्ता सोबत्याची नोंद

अंबड म्हटलं की नाशिककरांच्या डोळ्यांपुढे कारखान्यांच्या शेड येतात. पण हा टापू छावणीच्या शेजारचा आहे. जवळच देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण चालतं आणि शहराच्या पलीकडे ओझरला 1960च्या दशकापासून मिग विमानं बांधली गेली. इथल्या माणसांना लढाईत पडलेल्याचं स्मरण कसं करावं हे शिकवावं लागत नाही. त्याची रीत फार जुनी आहे. वीरगळावर खाली लढाई असते, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा आणि वर शिवपूजा. दगड सांगतो की हा माणूस गेला आणि कुठे गेला तेही सांगतो. अडचण येते ती लढाईतून परत न आलेल्या, पण मेल्याचा पुरावाही नसलेल्या सोबत्याची. त्याच्यासाठी आपल्याकडे दगड नाही, तिथी नाही. अशा माणसाला घाईने हुतात्म्यांच्या यादीत बसवलं की आपण त्याचा मान राखला असं वाटतं. मला ते मान्य नाही. बेपत्ता सैनिकाचं खरं स्मरण म्हणजे त्याची नोंद उघडी ठेवणं.

मराठी माणसाला हा प्रश्न पानिपताने घातला. 14 जानेवारी 1761 रोजी विश्वासराव पडले. त्यांचं शव मिळालं, अंत्यसंस्कार झाले. त्यांच्या आई गोपिकाबाई पुढे नाशिकजवळच्या गंगापूरला येऊन राहिल्या. मुलगा गेला, याबद्दल त्यांना शंका घ्यायला जागा नव्हती. सदाशिवरावभाऊंचं तसं झालं नाही. शरीरावरच्या खुणांवरून ओळख पटवून त्यांच्यावरही अग्निसंस्कार झाल्याचं काशीराजाच्या वृत्तांतात येतं, पण पुण्यात त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी ते मानलं नाही. 1783 मध्ये डोळे मिटेपर्यंत त्या सौभाग्यवती म्हणूनच जगल्या आणि भाऊंचं उत्तरकार्य त्यांच्यानंतरच झालं. पेशवे घराण्याने त्यांच्यावर वैधव्य लादलं नाही, हा त्या काळाचा मोठेपणा मी मानतो. यावर कुणी म्हणेल की अशाच आशेतून तोतया जन्माला आला. खरं आहे. भाऊ म्हणून उभ्या राहिलेल्या सुखनिधानाने कोकणातले किल्ले घेतले, माणसं त्याच्यामागे गेली आणि 1776 मध्ये त्याला देहदंड झाला. पण तोतयाला उघडं पाडलं ते भाऊंना जवळून ओळखणाऱ्यांच्या साक्षींनी. भाऊ मेले असं ठरवून टाकल्याने तो संपला नाही, भाऊ कोण होते हे सांगणारी माणसं होती म्हणून संपला. खोट्या आशेवरचा उतारा विसरणं हा नाही, तपशील जपणं हा आहे.

तपशील जपला नाही की काय होतं, हे पहिल्या महायुद्धात दिसलं. 29 एप्रिल 1916 रोजी कूत-अल-अमारा इथे सहाव्या पुणे डिव्हिजनने तुर्कांपुढे शरणागती पत्करली. सुमारे 13,000 जण कैद झाले. त्यांत 103, 110 आणि 117 क्रमांकांच्या मराठा पलटणींचे शिपाई होते. वाळवंटातल्या वाटचालीत आणि रास-अल-ऐनच्या रेल्वेच्या कामावर कितीतरी माणसं संपली. 1929 मध्ये बसऱ्याला स्मारक उभं राहिलं. त्यावर अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली. हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीपुढे नुसता आकडा आला. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाने या विषमतेबद्दल 2021 मध्ये माफी मागितली, तोवर त्या शिपायांना पाहिलेलं कुणी उरलेलं नव्हतं. शंभर वर्षांनी आलेली माफी स्वीकारायची कुणी?

1971च्या युद्धात नावं होती, क्रमांक होते, तरीही माणसं हरवली. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे 32 स्क्वाड्रनचे सुखोई-7चे वैमानिक. 5 डिसेंबर 1971 रोजी शोरकोटच्या धावपट्टीवरच्या हल्ल्यातून ते परतले नाहीत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडल्याची बातमी त्याच दिवसांत ढाक्याच्या पाकिस्तान ऑब्झर्व्हरने छापली. तिच्यात फ्लाइट लेफ्टनंट ‘टोंबे’ असं नाव होतं. आता दुसरा वैमानिक पाहा. दिलीप पारुलकर हेही मराठी, हेही सुखोई-7चे. ते पाच दिवसांनी पडले. त्यांची युद्धकैदी म्हणून नोंद झाली. ऑगस्ट 1972 मध्ये ते दोन साथीदारांसह रावळपिंडीच्या छावणीतून निसटले, अफगाण सरहद्दीजवळ पुन्हा पकडले गेले आणि डिसेंबर 1972 मध्ये मायदेशी आले. एकाच बनावटीच्या विमानातले दोघे. एकाचं नाव यादीत चढलं, दुसऱ्याचं नाही. तिसऱ्या जिनिव्हा कराराप्रमाणे प्रत्येक कैद्याची माहिती कळवणं पकडणाऱ्या देशाला बंधनकारक असतं. त्या एका कागदावर माणसाचं उरलेलं आयुष्य टांगलेलं असतं.

आक्षेप असा, की तांबे जिवंत असते तर रावळपिंडीच्या छावणीतल्या डझनभर वैमानिकांत दिसले असते. हा आक्षेप हलका नाही. वर्तमानपत्रातलं चुकीच्या उच्चाराचं नाव म्हणजे पुरावा नव्हे, हेही मी मानतो. पाकिस्तानने असे कैदी असल्याचं कायम नाकारलं आहे. 1983 आणि 2007 मध्ये नातेवाईक तिथले तुरुंग पाहून रिकाम्या हातांनी परतले. पण मेजर अशोक सुरी यांचं प्रकरण विसरता येत नाही. त्यांना आधी युद्धात मृत ठरवलं होतं. 1974 आणि 1975 मध्ये वडिलांना त्यांच्या हातची पत्रं आली, अक्षराची खातरजमा झाली आणि सरकारी कागदावर ‘मृत’च्या जागी ‘बेपत्ता’ असं लिहावं लागलं. म्हणजे ‘मृत’ हा शिक्का चुकू शकतो, हे आपल्याच संरक्षण खात्याने मान्य केलं. 1979 मध्ये सरकारने लोकसभेत अशा बेपत्तांची 40 नावं ठेवली. ती यादी पुढे 54 पर्यंत गेली. एका पत्रामुळे एक नोंद बदलली, तर बाकीच्या नोंदी बंद करण्याचा अधिकार कुणाला?

व्यवहार थांबू नये, हेही खरं. निवृत्तिवेतन, जमीन, वारसा यांसाठी कायद्याने तोडगा काढला आहे. 1872च्या पुरावा कायद्याच्या कलम 108 मधल्या आणि 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात आलेल्या तरतुदीप्रमाणे सात वर्षं ज्याची खबर नाही, तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसं म्हणणाऱ्यावर येतो. पण कायदा इथे फक्त गृहीत धरतो. माणूस कधी गेला, कसा गेला, याबद्दल तो काही बोलत नाही. कुटुंबाला पैसा मिळावा म्हणून केलेल्या या सोयीला सत्य समजणं ही आपली चूक आहे.

1971ला विशीत असलेले सैनिक आज सत्तरीच्या पुढे गेले आहेत. पारुलकर 2025 मध्ये गेले. तुमच्या घरात, गल्लीत, अंबडच्या किंवा देवळालीच्या कट्ट्यावर त्या युद्धाला गेलेलं कुणी असेल आणि त्याचा एखादा सोबती परतला नसेल, तर त्याच्याजवळ वही घेऊन बसा. सोबती कोणत्या पलटणीतला, कोणत्या दिवशी, कोणत्या ठिकाणी, शेवटचं कुणी पाहिलं, अंगावर काय खूण होती, हे सगळं तारखेनिशी उतरवून घ्या आणि खाली त्याची सही घ्या.