टाउन कारचे फुगे काढून स्प्रिंग का बसवतात?

अमेरिकेत जुनी लिंकन टाउन कार सकाळी मागून बसलेली दिसली, की बहुधा मागच्या एअर सस्पेन्शनच्या फुग्याचं रबर चिरलेलं असतं. गळक्या फुग्यांपायी कॉम्प्रेसर सतत चालतो आणि तोही जळू शकतो.

स्वस्त उपाय भंगारात मिळतो. फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया याच पँथर प्लॅटफॉर्मवरची, पण मागे साध्या कॉइल स्प्रिंग. 2003 मध्ये चॅसी बदलली, म्हणून त्याच काळातल्या गाडीची, न गंजलेली जोडी घ्यावी.

जॅक लावण्याआधी डिकीतला एअर सस्पेन्शनचा स्विच बंद हवाच. हवा पूर्ण सोडल्याशिवाय फुगा काढू नये, दाबाने उडून इजा होते.

नंतर डिकी भरली की गाडी मागे झुकते. आपोआप समतल होणं संपलं.