गरोदरपणात अंगदुखीची गोळी : कोणती चालते, कोणती टाळावी

वस्तीत गरोदर महिलांच्या भेटी घेताना उशाशी एक गोष्ट हमखास सापडते: मेडिकलमधून कापून आणलेल्या दोन-चार सुट्या गोळ्या. पट्टीवरचे नाव कापलेल्या तुकड्यात गेलेले असते. कसली गोळी, तर "अंगदुखीची." पण अंगदुखीच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात.

ताप आणि दुखण्यासाठी गरोदरपणात डॉक्टर पहिली पसंती पॅरासिटामॉलला देतात. गरजेपुरतीच, थोडेच दिवस, आणि दोन डोसांत किमान 4 तासांचे अंतर ठेवून. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, त्यामुळे नकळत दुप्पट डोस पोटात जातो. सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी या औषधाचा संबंध मुलांच्या स्वमग्नतेशी जोडला आणि अनेकजणी घाबरल्या. मात्र 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील सुमारे 25 लाख मुलांच्या अभ्यासात, सख्ख्या भावंडांची तुलना केल्यावर असा संबंध आढळला नव्हता. उलट, अंगावर काढलेला तीव्र ताप बाळाला अपाय करू शकतो.

खरी काळजी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, नायमेसुलाइड यांची. विसाव्या आठवड्यानंतर या गटातील औषधांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर 2020 मध्ये तसा इशारा दिला. तिसाव्या आठवड्यानंतर बाळाच्या हृदयाजवळची, जन्मानंतर मिटायची रक्तवाहिनी पोटातच मिटण्याचा धोका असतो. त्याआधीच्या महिन्यांतही ही औषधे स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. घरोघरी असणाऱ्या कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलसोबत 400 मिलिग्रॅम आयबुप्रोफेन असते, हे फार थोड्या जणींना माहीत असते. दिवस गेल्याचे कळण्याआधी एखादी गोळी घेतली गेली असेल तर घाबरू नये, तपासणीच्या वेळी सांगावे.

रक्तदाबाचा धोका असलेल्या काही महिलांना डॉक्टर कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन मुद्दाम देतात. हा लेख वाचून ती बंद करू नये.

पाच महिन्यांनंतर डोके जोरात दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, चेहरा-हात सुजले असतील तर गोळीने दुखणे दाबू नका. रक्तदाब त्याच दिवशी तपासून घ्या. गरज पडल्यास 108 वर फोन करा. एरवी दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर महिलांची मोफत तपासणी असते. तिथे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, नाव नसलेल्या तुकड्यांसह, पिशवीत घालून न्या.