ऋतू पाहून जेवायला जाणे : सानपाडा ते कोपनहेगन

सानपाडा हे ठाणे खाडीच्या पूर्व काठावरचे जुने गाव. पामबीच मार्ग आणि सायन-पनवेल महामार्ग यांच्यामधल्या पट्ट्यात आज त्याच्या नावाचे सेक्टर, रेल्वे स्थानक आणि उंच इमारती आहेत. नवी मुंबई वसण्यापूर्वी या काठावर भातखाचरे, खाजण आणि तिवरांची झाडी होती. आगरी-कोळी घरांत कोणत्या दिवशी काय शिजणार आणि पाहुण्याला कधी बोलवायचे, हे खाडीच्या पाण्यावर ठरत असे. हल्ली लोक कित्येक महिने आधी टेबल राखून कोपनहेगनच्या नावाजलेल्या रेस्तराँत जेवायला जातात, तेव्हा तेही हाच हिशेब मांडतात : तिथल्या समुद्रात आणि रानात त्या महिन्यात काय मिळते.

खाडीचे पहिले वेळापत्रक चंद्राचे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते, अष्टमीच्या आसपास भांगाची. उधाणात पाण्याची ओढ जोरकस असते. डोल हे पिशवीसारखे जाळे त्या ओढीच्या तोंडाशी बांधून ठेवतात, म्हणून त्याला मासळी याच दिवसांत भरपूर लागते. भांगात ओढ मंदावते. ते दिवस जाळी शिवण्याचे. भरतीची वेळ काढायला तक्ता लागत नसे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ कळते : चतुर्थीला सुमारे तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. हे गणित तोंडपाठ असलेली माणसे किनाऱ्यावर आजही भेटतात.

उधाणाच्या ओहोटीला पाणी सर्वांत दूर जाते आणि गाळ उघडा पडतो. तिथे बायकांचे काम सुरू होई. निवटा हा डोळे डोक्यावर असलेला, गाळावर सरपटत आणि उड्या मारत जाणारा लहान मासा. बिळात हात घालून तो पकडायचा. खुबे आणि शिंपल्या गाळातून वेचायच्या, कालवे खडकांवरून सोडवायची. चिंबोरी अमावास्येच्या सुमारास मांसाने भरलेली असते असे या घरांत मानतात, त्यामुळे चिंबोरीच्या कालवणाला व्याह्याला बोलवायचे तर आधी पंचांग पाहिले जाई. जिताडा, बोईट, कोलंबी, शिंगाळा यांचेही आपापले दिवस होते. कोणताही मासा बारा महिने मागायची सोय नव्हती, आणि तशी कोणाची अपेक्षाही नव्हती.

दुसरे वेळापत्रक सूर्याचे आणि पावसाचे. ठाणे आणि पनवेलच्या खाड्यांच्या काठी मिठागरांत राबणे हा आगरी समाजाचा जुना व्यवसाय. उधाणाचे पाणी बांधाच्या आत घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवत उन्हाने दाट करायचे आणि शेवटच्या वाफ्यात मिठाचा खडा धरू द्यायचा. हिवाळ्याच्या अखेरीपासून पहिल्या पावसापर्यंतच हे जमते. त्याच उन्हात पावसाळ्याची बेगमी होई. जवळा वाळवून सुकट, कोलंबी सोलून वाळवून सोडे, समुद्राकडच्या कोळीवाड्यांतून आणलेले सुके बोंबील आणि वाकट्या, असे सगळे मडक्यांत आणि डब्यांत भरून ठेवायचे. जून-जुलै हे मासळीच्या विणीचे महिने. होड्या वर ओढल्या की नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राला विश्रांती. शासनाने १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली पावसाळी बंदी घातली. परंपरेने हा नेम त्याच्या फार आधीपासून पाळला होता.

भातही खाडीशी बोलूनच पिकवावा लागे. खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध घालत आणि बांधात झडपेची उघाडी बसवत. ओहोटीला आतल्या पावसाच्या पाण्याने झडप उघडते, भरतीला बाहेरच्या दाबाने मिटते. पहिल्या पावसांनी जमिनीतला खार धुऊन गेला की लावणी. राता हा तांबूस, जाड, खार सोसणारा भात या जमिनीचा. कालारता आणि भुरारता ही त्याची ओळखीची वाणे. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पुढे खार सोसणारे सुधारित वाण काढले. बांध हे एकट्या घराचे काम नसते. एका ठिकाणी खांड पडली की साऱ्या खाचरांत खारे पाणी पसरते, म्हणून डागडुजीला गाव एकत्र येई.

पाऊस लागता लागता ताट रानाकडे वळे. पारसिकच्या डोंगररांगेच्या उतारांवर टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी येतात. या सगळ्यांत शेवळाची भाजी सर्वांत मानाची आणि सर्वांत जपून करायची. शेवळ हे सुरणाच्या कुळातल्या रानटी कंदाचे फूल. वळवाच्या पावसानंतर ते जमिनीतून थेट वर येते आणि काही आठवड्यांत संपते. बाहेरचे आवरण सोलायचे, आतल्या दांड्याचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, उरलेले बारीक चिरायचे. तरीही घशाला खाज सुटू शकते, म्हणून सोबत काकड या झाडाची आंबट फळे कुटून घालतात. ती नसतील तर चिंच. सीकेपी घरांत यात कोलंबी घालतात. फूल आणि त्याचा उतारा असलेले फळ एकाच हंगामात मिळतात. ही जोडी ज्यांनी शोधली त्यांचे नाव कुठे नोंदलेले नाही, पण पाककलेतला तो खरा शोध आहे आणि त्याला तसाच मान मिळायला हवा. खाऱ्या जमिनीवर उगवणारी मोरस ही मुळातच खारट पालेभाजी. तिच्यात मीठ घालताना हात आखडावा लागतो.

हिवाळ्यात वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी. रायगड जिल्ह्यात आणि खाडीच्या या काठावरही ती रात्रीची मेजवानी असते. मातीच्या मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला अंथरतात. त्यावर शेंगा, ओवा, मीठ, हवी असल्यास अंडी किंवा मसाला लावलेली कोंबडी रचून पुन्हा पाल्याने तोंड गच्च बंद करतात. मडके उपडे ठेवून भोवती पेंढा-पालापाचोळ्याचा जाळ करतात. पाणी नाही, तेल नाही. शेंगांचा ओलावा आणि भांबुर्डीचा उग्र वास यांवरच सगळे शिजते. पोपटीचे आवतण शेत तयार झाल्याशिवाय देताच येत नाही.

मोठी आवतणे हळद, लग्न, गावदेवीची जत्रा, पालखी यांची. आगरी हळदीला मटण आणि वडे, तांदळाच्या भाकऱ्या, अंगणात पंगत. श्रावणात मासळी-मटण बंद, त्यामुळे आषाढाची अखेर जोरात. आवतण तोंडी असे, पण ते टाळणे सोपे नसे. किती पाने उठणार याचा अंदाज बांधूनच मीठ-मसाला आणि मासळी जमवलेली असे.

ही घडी १९७० नंतर मोडली. मुंबईच्या पूर्वेला खाडीपलीकडे जोडशहर वसवावे ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकात मांडली. ते वसवण्यासाठी १७ मार्च १९७० रोजी सिडको या शासकीय महामंडळाची स्थापना झाली. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या ९५ गावांची जमीन प्रकल्पात आली, तीत खाचरे होती आणि मिठागरेही. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक मृत्युमुखी पडले, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. भूखंड मिळाले, बांध, उघाडी आणि राता मात्र परत आले नाहीत. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याचे सांडपाणी खाडीत उतरू लागले आणि मासळी घटली. ज्या गाळात बायका खुबे वेचत, तिथे आता थव्याने रोहित पक्षी उतरतात. २०१५ मध्ये खाडीचा काही भाग त्यांचे अभयारण्य झाला, २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला. पक्ष्यांच्या संरक्षणाचे स्वागत करतानाच याची नोंद हवी की या गाळाचे सर्वांत बारीक ज्ञान ज्यांच्याकडे होते, त्यांच्या जगण्याला असे संरक्षण वेळेवर मिळाले नाही.

त्याच काळात शेजारी तुर्भ्याला घाऊक बाजार उभा राहिला. मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीची स्थापना १५ जानेवारी १९७७ ची. कांदा-बटाट्यापासून सुरुवात होऊन १९९६ पर्यंत फळे आणि भाजीपालाही मुंबईतून इकडे हलला. मे १९९२ मध्ये लोकल वाशीपर्यंत आली आणि तिथून पुढे सानपाड्याच्या दिशेने लोहमार्ग वाढला. देशभरातला माल रोज पहाटे सानपाड्याच्या दाराशी उतरू लागला. घरातल्या ताटाला आता महिना राहिला नाही. शेवळे-मोरस मात्र या बाजाराच्या मोठ्या गाळ्यांत क्वचितच दिसतात. ती अजूनही ठाकूर-कातकरी बायका पहाटेच्या गाडीने आणून रस्त्याच्या कडेला विकतात.

उत्तर युरोपातली गोष्ट उलट दिशेने घडली. विसाव्या शतकाच्या अखेरीस कोपनहेगनची उंची रेस्तराँ फ्रेंच पद्धतीची होती. बाहेरून आणलेला महागडा माल हीच प्रतिष्ठा होती. लांब हिवाळ्याच्या या देशात ताटात ठेवण्याजोगे काही उगवत नाही, असाच समज होता. २००३ मध्ये क्लाउस मायर आणि रेने रेझेपी यांनी बंदरावरच्या अठराव्या शतकातल्या एका गोदामात ‘नोमा’ सुरू केले. ग्रीनलंड, आइसलंड, फॅरो बेटांकडून येणारी खारवलेली मासळी, तेल आणि कातडी पूर्वी अशा गोदामांत ठेवत. पुढच्या वर्षी उत्तरेतल्या बारा शेफांनी दहा कलमांचा जाहीरनामा काढला : आपल्या हवेत, आपल्या पाण्यात, आपल्या ऋतूत जे मिळते तेच शिजवायचे. समुद्रकाठच्या खारट पाल्या, रानातली बोरे, शेवाळ, मुंग्या ताटात आल्या. हिवाळ्यासाठी मीठ लावणे, आंबवणे, वाळवणे यांचा नव्याने अभ्यास झाला; २०१८ मध्ये नोमाने आंबवण्यावर एक जाडजूड पुस्तकच काढले. सुरुवातीला थट्टा झाली, पण २०१० मध्ये जगातल्या पन्नास उत्कृष्ट रेस्तराँच्या यादीत नोमा पहिले आले आणि नंतर आणखी चारदा, शेवटी २०२१ मध्ये.

२०१८ मध्ये नव्या जागेत गेल्यावर नोमाने वर्षाचे तीन हंगाम केले : थंडीत समुद्र, उन्हाळ्यात भाजीपाला, शरदात रान आणि शिकार. हंगाम बदलला की अख्खे ताट बदलते. सानपाड्याच्या काठावर गरजेपोटी चाललेली रीत आणि ही रीत यांचे मूळ तत्त्व एकच आहे. कोपनहेगनला त्या तत्त्वाला भांडवल, प्रसिद्धी आणि काही हजार क्रोनचे दर मिळाले, एवढाच फरक. पण तो फरक लहान नाही.

या विचाराची लाट मुंबईपर्यंतही आली. गरिमा अरोरा मुंबईत वाढल्या आणि त्यांनी नोमाच्या स्वयंपाकघरात काम केले. २०१७ मध्ये त्यांनी बँकॉकला ‘गा’ सुरू केले आणि २०१८ मध्ये त्या मिशलिन तारा मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला शेफ ठरल्या. २०१६ मध्ये महालक्ष्मीच्या जुन्या गिरणीच्या आवारात ‘मास्क’ सुरू झाले; त्याचे पहिले शेफ प्रतीक साधू यांनीही नोमात काम केले होते. इथे पदार्थ निवडायचे नसतात. रांगेने येणारे एकच ताट असते आणि सामग्री देशातल्या रानांतून, शेतांतून शोधून आणतात.

सानपाड्याहून कोपनहेगनला जेवायला जायचे तर तारीख ठरवण्याआधी हंगाम ठरवावा लागतो. शाकाहारी कुटुंबाला नोमाचा उन्हाळ्यातला भाजीपाल्याचा हंगामच योग्य. मासे चालतात पण मांस नको असेल, तर रास्मुस कोफोएड यांचे ‘जेरेनियम’ हा पर्याय आहे : २०१६ पासून तीन मिशलिन तारे, २०२२ मध्ये जागतिक यादीत पहिले, आणि त्याच वर्षापासून ताटात मांस नाही. नोमाच्या बाबतीत आधी एक गोष्ट पाहावी. नियमित रेस्तराँ बंद करून प्रयोगशाळेसारखे काम करण्याचा बेत २०२३ मध्ये जाहीर झाला, आणि अधूनमधून ते क्योटोसारख्या दूरच्या शहरांतही तळ देते. म्हणून त्या वर्षी ते कुठे आणि कधी जेवण देणार आहे हे तपासूनच विमानाचे तिकीट काढावे. टेबले ठरावीक दिवशी खुली होतात, झपाट्याने संपतात, आणि जेवणाचे पैसे सहसा आधीच भरावे लागतात. टेबल हाती आले की मग शेंगेन व्हिसा. त्याचा अर्ज प्रवासाच्या आधी जास्तीत जास्त सहा महिने आणि किमान पंधरा दिवस करता येतो. मेनू एकच असल्यामुळे काय चालत नाही, कशाची ॲलर्जी आहे, हे टेबल राखतानाच कळवायचे. जेवण तीन-चार तास चालते, तेव्हा त्या दिवशी संध्याकाळी दुसरे काही ठेवू नये. मद्य न घेणाऱ्यांना प्रत्येक पदार्थाबरोबर फळांच्या आणि वनस्पतींच्या रसांची स्वतंत्र जोड निवडता येते.