कामानंतरचा घोट : कुणाचा ‘विरंगुळा’, कुणाचं ‘व्यसन’?

संशोधनासाठी मोठाच विषय लागतो असं नाही. एक साधी गोष्ट घ्या : दिवसभर राबून आलेला माणूस संध्याकाळी दोन घोट घेतो आणि धूर सोडतो. एकाने केलं की तो विरंगुळा, दुसऱ्याने केलं की व्यसन. हा फरक कुठून आला? वसाहतकालीन मुंबईकडे बघितलं की उत्तराचा बराच भाग सापडतो.

आधी साहेब. कचेरीनंतर व्हिस्की-सोड्याचा ‘छोटा पेग’ आणि चिरूट हा त्याच्या दिनक्रमाचाच भाग. चिरूट हा शब्द मुळात तमिळ ‘शुरुट्टु’वरून आलेला. त्रिचनापल्लीचे सिगार इतके नावाजलेले होते की, १८८७ साली आलेल्या शेरलॉक होम्सच्या पहिल्याच कादंबरीत तो राखेवरून त्रिचनापल्ली सिगार ओळखतो. साहेबाची संध्याकाळ आपल्याला कळते ती आठवणींतून, पत्रांतून, कादंबऱ्यांतून. म्हणजे त्याने स्वतः किंवा त्याच्यासारख्यांनीच लिहिलेल्या मजकुरातून.

आता गिरणी कामगार. त्याला संध्याकाळ होती का, इथूनच सुरुवात करावी लागते. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांतून रविवारची सुट्टी मिळाली, पण रोजचे तास मोकळेच राहिले. १९०५च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले, तेव्हा सूर्य मावळला तरी काम थांबेना. काही गिरण्या रोज चौदा-पंधरा तास चालत. कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी १२ तासांची मर्यादा आली ती १९११च्या कायद्याने. पुढे १९२२मध्ये ११, १९३४मध्ये १० आणि १९४६मध्ये ९ तास झाले. या आकड्यांच्या शेजारी बिडी आणि देशी दारू ठेवून बघा, प्रश्न लगेच बदलतो.

पण या माणसाची संध्याकाळ कोणत्या कागदांत सापडते? अबकारी खात्याच्या, पोलिसांच्या, सुधारकांच्या. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू आणि ताडीवरची सरकारी पकड घट्ट झाली. एकाच सरकारला दारूतून महसूलही हवा आणि पिणाऱ्याच्या नीतीची काळजीही. त्यामुळे या कागदांत गॅलन, परवाने आणि गुन्हे भेटतात, थकवा क्वचितच.

१ ऑगस्ट १९३९ला मुंबईत दारूबंदी लागू झाली. पुढे १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि एफ. एन. बलसारा यांनी त्याला आव्हान दिलं. व्हिस्की, ब्रँडीपासून यू-डी-कोलोनपर्यंतच्या वस्तू बाळगण्या-वापरण्याचा हक्क त्यांना हवा होता. १९५१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा बराचसा भाग वैध ठरवला, पण औषधी आणि प्रसाधनाच्या अल्कोहोलयुक्त वस्तूंवरच्या काही तरतुदी रद्द केल्या. लष्करी कँटीनची सूट कायम राहिली. शिवाय तब्येतीसाठी दारू लागते म्हणून परवाना मागण्याची सोयही कायद्यात होती. आता विचार करा, अर्ज करणं, दाखला मिळवणं कुणाला जमणार होतं? एकाची सवय ‘प्रकृतीची गरज’ म्हणून कागदावर येते, दुसऱ्याची गुन्हा म्हणून.

म्हणून कामगाराचं पिणं गोड करून लिहायचं का? अजिबात नाही. घरी न पोचलेला पगार आणि बायकोने खाल्लेला मारही याच इतिहासाचा भाग आहे. आणि गिरणीत राबून घरी येऊन पुन्हा चुलीपुढे बसणाऱ्या बाईची संध्याकाळ? तिचे कारखान्यातले तास १८९१च्या कायद्याने ११वर आणले. घरातले तास कुणीच मोजले नाहीत. ती या दोन्ही दफ्तरांत जवळपास गायबच आहे.

तेव्हा प्रस्ताव लिहिताना तीन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर टाका. हा कागद कुणी लिहिला? का लिहिला? आणि ज्याच्याबद्दल लिहिलाय, त्याला स्वतः बोलायची जागा होती का? अबकारीची आकडेवारी वाचताना शेजारी कामाच्या तासांचा तक्ता ठेवा, कामगारांच्या साक्षी वाचा, चाळीतल्या लोकांच्या मौखिक मुलाखती शोधा. ‘व्यसन’ हा शब्द स्रोतात दिसला की तो तसाच उचलून आपल्या वाक्यात घालू नका. तो शब्द कुणी, कुणासाठी वापरला, हाच खरं तर तुमचा संशोधनप्रश्न असू शकतो.