लगाम होता, रिकीब नव्हती

कोळशाच्या खाणींच्या उमरेडला बर्फ भेटतो तो उन्हाळ्यात, गोळेवाल्याच्या गाडीवर. तिथून गुलमर्गला स्नोबोर्ड शिकायला निघालेल्याच्या पाय फळीला बांधणारी जी बाइंडिंग असते, तिचा इतिहास मात्र फार जुना नाही.

25 डिसेंबर 1965. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, मस्कीगन गावी, शर्मन पॉपेन यांनी मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडल्या. हाच ‘स्नर्फर’. त्याच्या टोकाला धरायला दोरी आली, पाय मात्र मोकळेच राहिले. घोड्याला लगाम आहे, रिकीब नाही, तशी गत!

ती रिकीब घेऊन 1979 साली जेक बर्टन कारपेंटर मिशिगनमधल्याच स्नर्फरच्या स्पर्धेत उतरले. पाय बांधलेली फळी पाहून इतरांनी हरकत घेतली. बर्टन यांच्यासाठी वेगळा गट काढावा लागला. 1998 मध्ये नागानोला स्नोबोर्डिंगचा हा खेळ ऑलिंपिकमध्ये पोचला.

गुलमर्गला निघालेल्या नवशिक्याने मऊ, लवचिक बाइंडिंगच घ्यावी. ती चुका पोटात घालते. माप बूट घालूनच बघावे. पायांत खांद्यांहून किंचित जास्त अंतर, पुढचा पाय सुमारे 15 अंश पुढे, मागचा थोडा उलट वळलेला. आणि पहिल्या उतारानंतर सगळे स्क्रू पुन्हा आवळावेत.